दोन बोटं मागे

“साहेब, रूळ सरळ आहे. वाकडं चाललंय ते तुमचं विमान,” सुनंदा बागूल म्हणाली, आणि सुरतेच्या कचेरीतल्या चार माणसांनी माना वर केल्या.

आता बघा, बोलणारी कोण, तर तेवीस वर्षांची ट्रेसर. नकाशावर पातळ कागद ठेवून शाईने रेघा ओढणारी. आणि ऐकणारा कोण, तर अहमदाबादहून खास या कामासाठी आलेला जयंत दाबके, रडारचा जाणकार, नाकावर चष्मा आणि चष्म्यावर आणखी एक भिंग. पण सुनंदाला त्याचं काही नव्हतं. तिच्या नवागाम वस्तीच्या मागून उधन्याकडे जाणारा तो रूळ तिने सहा वर्षं शाळेला जाता-येता पायाखाली घातला होता, स्लीपरवरून स्लीपरवर उड्या मारत. तिकडून गाडी आली की इंजिन मुगाएवढं असतं तिथपासून दिसायचं, इतका सरळ. त्या रुळाला कुणी वाकडं म्हणावं आणि तिने ऐकून घ्यावं, हे होणे नाही.

दाबके चिडले नाहीत. माणूस मोकळा होता. “बाई, विमान हलणारच,” ते म्हणाले. “पण ते किती हललं याची नोंद आपल्याकडे आहे. तेवढं वजा केलं. तरी रूळ वाकडाच येतोय, म्हणजे रूळच वाकडा असणार.”

“मग जाऊन बघू या. दीड तासाचं काम.”

“शनिवारी नकाशा द्यायचाय. आज गुरुवार.”

शनिवारची घाई का, तेही सांगतो. १९७८चा भाद्रपद होता. नवागामच्या मागे पावसाचं पाणी साचायचं ते दिवाळीपर्यंत हलायचं नाही. डास, ताप, पोरांची आजारपणं, सगळं त्यातून. म्हणून ठरलं की रुळाखालच्या मोरीपासून खाडीच्या वळणापर्यंत सरळ, साठ फूट रुंद नाला खणायचा. साखळी घेऊन मोजणी करावी, तर मधे कमरेएवढा चिखल आणि माणसाच्या डोक्यावर गेलेलं पाणकणीस. विमानातून फोटो काढावेत, तर वर ढग. तेव्हा रडार. रडारला ढगाचं काही वाटत नाही. विमान सरळ उडत जातं, यंत्र बाजूच्या जमिनीवर लहरी सोडतं, परत आलेल्या लहरींची फिल्मवर एक बारीक रेघ उमटते. रेघेला लागून पुढची रेघ, तिला लागून पुढची, आणि त्यातून चित्र विणलं जातं. सुनंदाला हे पहिल्या दिवशीच समजलं. कापडाच्या मागावर तरी दुसरं काय होतं!

घोळ एवढाच की विमान काही मागासारखं जमिनीला ठोकून बसवलेलं नसतं. वारा आला की त्याचं नाक वळतं. नाक एका अंशाने वळलं की पाच मैलांवरची जमीन चित्रात साडेचारशे फूट सरकते. त्यासाठी विमानात एक भोवरा असतो, त्याला पेन जोडलेलं असतं, आणि नाक किती वळलं ते सरकत्या कागदावर ते पेन लिहीत जातं. एका हातात फिल्म, एका हातात तो कागद. दाबके कागदावरून आकडा वाचायचे, सुनंदा तेवढी रेघ सरकवून नव्याने काढायची. दोन दिवस हेच चाललं होतं.

आणि दोन दिवसांच्या दुरुस्तीनंतर चित्र होतं त्याहून बिघडलं होतं. आधी रुळाला तीन वाक होते, आता पाच दिसत होते! पण नाल्याची रेघ तर ओढून झाली होती. मोरीपासून वळणापर्यंत पट्टी ठेवली, आणि रेघ नवागामच्या वरच्या रांगेवरून गेली. अकरा घरं. दिवाळीच्या आत उठायची नोटीस त्यांनाच जाणार होती. त्या रांगेतलं कोपऱ्यातलं घर अंजनाबाईंचं. नवरा रेल्वेत गँगमन होता, तो गेल्यावर गिरणीत बॉबिन भरून तिने तीन पोरी वाढवल्या आणि त्या घराच्या भिंती स्वतःच्या हाताने उभ्या केल्या. सुनंदा लहानपणी तिच्याकडे ताक प्यायला जायची.

तेव्हा सुनंदाने फिल्म पुन्हा काचेच्या टेबलावर घेतली. खालचा दिवा लावला आणि ओठ आवळून बसली. शिपाई बन्सीलालने चहा ठेवला, त्यावर साय धरली, तरी हिचं लक्ष नाही.

सुनंदाचे वडील हिलाल बागूल मूळचे अमळनेरकडचे, बोलणं अजून अहिराणीच. वीस वर्षं कडोदऱ्याच्या एका मागाच्या शेडमध्ये जॉबर, म्हणजे मागांचा वैद्य म्हणा ना. माग कुठे खोकतो ते ऐकून सांगायचे. आणि कापड तपासायचे. त्यांच्या हातून ताका, म्हणजे कापडाचा तागा, पास होणं म्हणजे देवाने नवस ऐकणं. सख्ख्या मेव्हण्याने विणलेला ताका त्यांनी भर शेडमध्ये परत फेकला होता, आणि वर म्हणाले होते, “कापडाले आपला-परका दिसत नही.” मेव्हणा सहा महिने घरी आला नाही. चांगल्या मालावरही ते नुसती मान हलवायचे. ‘पास शे’, म्हणजे पास आहे, हे दोन शब्द त्यांच्या तोंडून वर्षातून दोनदा ऐकले तर खूप. लेकीला त्यांनी हे शब्द जन्मात वापरले नव्हते.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कापडावर डाग दिसला की नवा कारागीर तिथेच माग तपासायला वाकायचा. हिलाल त्याचा खांदा धरून मागे ओढायचे. “डाग आते दिसना, पन चूक कव्हय व्हयनी? कापड पुढे सरकी गयं ना. मोज मागे.” डाग आत्ता दिसला, पण चूक कधी झाली, ते मागे मोजून बघ, असा अर्थ. मग गुंडाळलेल्या कापडावर बोटं टाकत मागे जायचे, आणि सांगायचे, सकाळी साडेनवाला व्हयनी, तेव्हा मागावर निंबा होता. निंबा कपाळावर हात मारून घ्यायचा, कारण ते खरं असायचं.

सुनंदाने फिल्मवर रुळाचा पहिला वाक शोधला. मग पेनाच्या कागदावर नाक वळल्याचा पहिला उंचवटा शोधला. दोन्ही पट्ट्यांची सुरुवात जुळवून शेजारी ठेवली. वाक होता त्याच्या समोर कागद सपाट! उंचवटा होता तो मागे. तिने बोटं ठेवली. दोन बोटं.

दुसरा वाक. समोर सपाट. उंचवटा दोन बोटं मागे.

तिसरा. पुन्हा दोन बोटं, केसभर कमी नाही की जास्त नाही.

“अगं बाई!” ती मोठ्याने म्हणाली, आणि मग कुणी विचारायच्या आत गप्प बसली.

तिला दिसलं होतं सगळं. फिल्म आणि कागद एकाच गतीने सरकत होते, पण एकाच वेळी सुरू झाले नव्हते. कागद उशिरा हलला होता. भाद्रपदातली ओली हवा, पट्टा घसरला असेल, काहीही असेल. त्यामुळे दोन दिवस ती जिथे रेघ सरळ होती तिथे वाकवत होती आणि वाकडी होती तिथे सोडून देत होती. ताप एकाला आणि काढा दुसऱ्याला! आता कागद दोन बोटं पुढे ओढून पुन्हा वजाबाकी केली की झालं.

ती वजाबाकी तिने लगेच, एका कच्च्या कागदावर, फक्त नवागामपुरती करून पाहिली. रूळ पट्टीला पट्टी सरळ आला. मोरी सरकली. पत्र्याची घरं रडारमध्ये पांढरीशुभ्र चमकतात, तांदळाच्या दाण्यांसारखी. ते दाणेही आपापल्या जागी सरकले. मग तिने मोरीपासून वळणापर्यंत पट्टी ठेवली.

रेघ वरच्या रांगेला शिवलीच नाही. खालच्या गल्लीवरून गेली. पाच दाणे. त्यातला मधला दाणा सुनंदाचं घर.

जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन मागच्या ओट्यावर बसली. भाकरी तुटेना. ते घर आबांनी, म्हणजे हिलालांनी, बंद पडलेल्या शेडचे पत्रे आणि तुळया आणून उभं केलं होतं. भिंती मायने लिंपल्या होत्या. यंदाच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तर सागाचा दरवाजा बसवला. त्याला तेल लावताना आबा शीळ घालत होते, आणि आबा शीळ घालतात हे घरातल्या कुणाला ठाऊक नव्हतं. दाबकेसाहेबांना नवागाम कुठे आणि खालची गल्ली कुठे, काही माहीत नाही. शनिवारी नकाशा गेला की ते अहमदाबादला जातील. पट्टा घसरला होता हे जगात फक्त तिला माहीत आहे. गप्प बसायला काय लागतं? तोंड मिटायचं, बस.

खोटं कशाला बोलू, दहा मिनिटं तिने तोंड मिटून बघितलं. तिला अंजनाबाईचं ताक आठवलं, ते एक. पण त्याहून जास्त तिला ती फिल्म आठवत होती. तीनदा मोजून तीनदा दोनच बोटं आली होती. ते आता न आल्यासारखं कसं करायचं? आयुष्यभर तो रूळ तिला वाकडा दिसला असता. तिने डबा झाकला आणि आत गेली.

“साहेब, कागद दोन बोटं उशिरा चाललाय.”

दाबक्यांनी ऐकलं, बघितलं, स्वतः बोटं ठेवली, मग फुटपट्टी ठेवली. आणि कपाळावर थाप मारून असे हसले की बन्सीलाल धावत आला. “दोन दिवस! दोन दिवस मी पेनाला देव मानून बसलो होतो! बाई, हे तुम्हाला सुचलं कसं?”

“आमच्या घरी असंच मोजतात.”

संध्याकाळपर्यंत दोघांनी सबंध पट्टी नव्याने केली. रूळ सरळ आला, रस्ता सरळ आला, शेडची लांबच लांब भिंत सरळ आली. दाबक्यांनी नाल्याची रेघ ओढली आणि मोजलं. “पाच घरं. अकराची पाच झाली, हे तर चांगलंच झालं की!”

“हो. त्यातलं तिसरं आमचं.”

दाबक्यांच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. “आणि तुम्हाला हे दुपारीच...?”

“दुपारीच.”

उपअभियंता देसाईसाहेब शुक्रवारी आले. सुरतेचे जुने माणूस, शर्टाच्या खिशात सुपारी. नाल्याची जबाबदारी त्यांची. रेघ एका दिवसात साडेचारशे फूट सरकलेली बघून त्यांचा चेहराच पडला. “पाकुं ने, बेन?” पक्कं ना, असं त्यांनी विचारलं. “खणल्यावर नाला वळणाला चुकला तर लोक मला त्याच नाल्यात पुरतील.”

“पाकुं,” सुनंदा म्हणाली. “वीस पावलं इकडेतिकडे होईल. चित्रच तेवढं जाड आहे. वीसच्या वर गेलं तर माझं नाव पुसून टाका.”

घरी सांगणं हे या सगळ्यापेक्षा अवघड होतं. माय चुलीपाशी होती, आबा ओट्यावर. तिने आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. माय म्हणजे चंपाबाई, ती हातातलं लाटणं घेऊनच उठली. “आग लागो तुन्हा त्या इमानले! जगनी पोर बापनं घर बांधस, आनि तू बापना घरवर रेघ मारी उनी?” आणि रडायला लागली. सुनंदालाही रडू फुटलं. ती रडतच उभी राहिली, पण बोललेलं तिने मागे घेतलं नाही.

आबांनी सागाच्या दरवाजावरून एकदा हात फिरवला. मग त्यांनी एकच विचारलं, “कशी सापडनी चूक?”

तिने सांगितलं. वीस पावलं इकडेतिकडे होईल, हेही सांगितलं. डाग इथे, चूक मागे. दोन बोटं.

“तीनदा मोजं?”

“तीनदा.”

“तिन्ही येळे तितलंच उनं?”

“तितलंच, आबा.”

“मंग घर काढनं पडी,” आबा म्हणाले, आणि आत जाऊन पाठ करून झोपले. त्यानंतर पुरता महिनाभर ते तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिला ते सुईसारखं टोचत राहिलं.

नोटीस आली. बाकीच्या चार घरांनी आकाशपाताळ एक केलं. शेडमधला निंबा, तो शेजारीच राहायचा, तर चौकात उभा राहून ओरडला, “हिलाल, तुन्ही पोर शिकनी आनि आम्ही बुडनूत! कागद देखीसन घर पाडतस का कोनी?” शहाणे लोक हसले. म्हणाले, नाला कुठे जायचा तो जाईल, मोजणी झाल्यावर बघू, यांना आत्ताच घाई झाली, हात दाखवून अवलक्षण! नोटिशीच्या मुदतीआधी आठ दिवस हिलालांनी शिडी लावली आणि पहिला पत्रा स्वतः उतरवला. त्यांनी उतरवला तसा मग निंबानेही उतरवला, शिव्या देत देत. अंजनाबाई आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पदर खोचून तिने पत्र्याचं दुसरं टोक धरलं आणि दिवसभर धरतच राहिली. पाच घरांना जागा मिळाली ती वरच्या रांगेच्या पलीकडे, उघड्या माळावर. तिथे तट्ट्याच्या झोपड्या झाल्या. सागाचा दरवाजा बसवायला चौकट नव्हती. तो दिवाळीभर भिंतीला टेकून उभा होता.

मार्गशीर्षात चिखल वाळला. पाणकणीस कापून काढलं, आणि देसाईसाहेब दुर्बीण घेऊन मोरीवर चढले. पलीकडे खाडीच्या वळणावर लाल निशाण रोवलेलं. आता सरळ डोळ्याला डोळा. चित्र नाही, विमान नाही, कागद नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला! दुर्बिणीतून निशाण धरायचं आणि मधे जिथे जिथे रेघ पडेल तिथे खुंट्या ठोकायच्या. सगळं नवागाम जमलं. मोडलेल्या घरांच्या पाच जोत्यांवर माणसं चढून बसली. रेघ दुसरीकडेच गेली, तर ही पाच घरं फुकट मोडली, आणि ती सुनंदाने मोडली, हे सगळ्यांना माहीत होतं. सुनंदा आपल्या जोत्याशी उभी होती. आबांची बसायची जागा होती तिथे. तोंडाने ती खुशाल म्हणत होती की येणार, इथेच येणार. पण अंजनाबाईचा हात तिने धरला होता तो काही सोडत नव्हती.

खुंट्या एकेक करून येत होत्या. साखळी धरणारा माणूस खाली बघत चालायचा, मोरीवरून देसाईसाहेब हाताने खुणा करायचे, जरा डावीकडे, जरा आणखी, बस. ठक, ठक. पहिली. दुसरी. सातवी. वरची रांग बाजूला राहिली. लांब बाजूला राहिली. आठवी खुंटी खालच्या गल्लीच्या तोंडाशी पडली. नववीला साखळीवाला निंबाच्या जोत्यावरून चालत आला, हिलालच्या अंगणात शिरला, शेवग्याला वळसा घातला आणि थांबला. मोरीवरून देसाईसाहेबांचा हात खाली आला. बस.

निंबा जोत्यावरून खाली उतरला आणि डोकं खाजवत उभा राहिला.

साखळीवाल्याने खुंटी टेकवली, पण ठोकायच्या आत हिलाल पुढे झाले. त्यांनी त्याच्या हातातला घण घेतला. “थांब, वाकडी धरस तू.” खुंटी त्यांनी सरळ केली, एक डोळा मिटून बघितली आणि तीन घावांत आत बसवली. स्वतःच्या अंगणात. मग घण परत दिला आणि खुंटीपासून चालायला लागले, टाच अंगठ्याला लावून नव्हे, साधी नेहमीची पावलं टाकत, मोठ्याने मोजत. सुनंदाने कागदावर रेघ ओढली होती ती बरोबर त्यांच्या उंबऱ्यावरून जात होती. उंबरा आता नव्हता, पण त्याचा दगड होता. “बारा. तेरा. चौदा.” चौदाव्या पावलाला त्यांचा पाय त्या दगडाला लागला.

ते तिथेच उभे राहिले. मग सुनंदाकडे वळून म्हणाले, “कितला सांगेल व्हतास?”

“वीस,” सुनंदा म्हणाली.

हिलालांनी दगडाकडे बघितलं, खुंटीकडे बघितलं, दोन्हींमधल्या चौदा पावलांच्या जागेवर एकदा नजर फिरवली, ताक्यावर फिरवायचे तशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळं नवागाम ऐकत होतं.

“पास शे,” ते म्हणाले, आणि वाकून त्यांनी उंबऱ्याचा दगड उपटून खांद्यावर घेतला, नव्या घराला लागणार होता म्हणून.